आधी आवाज, मग रोल

बाबांचा एक नियम होता. पाखराला आधी आवाज द्यायचा, मग कॅमेऱ्यात रोल घालायचा.

आवाज म्हणजे खटक्याचा आवाज. त्यांचा कॅमेरा जुना होता. खटका दाबला की एखाद्या जड पेटीचं झाकण पडावं तसा वाजायचा आणि चिमण्यासुद्धा उडून जायच्या. म्हणून ते आठवडेच्या आठवडे रिकामा कॅमेरा घेऊन बसत. रोल पुढे नेणारा चाप ओढायचा, खटका दाबायचा, पाखरू उडालं की पुन्हा चाप ओढून वाट बघायची. असं करता करता एक दिवस ते पाखरू उडायचं नाही. मान वर करून बघायचं आणि परत पाण्यात चोच घालायचं. मग बाबा म्हणायचे, ‘आता याला ठाऊक झालं,’ आणि संध्याकाळी येताना रोल घेऊन यायचे.

आईला हा प्रकार कधी पटला नाही. ‘मिलमध्ये सुताशिवाय माग चालवला असतात, तर जॉबरने हाकलून दिलं असतं,’ ती म्हणायची.

‘माग उडून जात नाही,’ बाबा म्हणायचे.

बाबा विणकर होते, लूम खात्यात. संपानंतर त्यांचं गिरणीत परत जाणं झालं नाही. काही महिने घरी काढल्यावर मुलुंडच्या बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत त्यांना काम मिळालं. फोटोंच्या कडा कापायच्या, ओले फोटो वाळवायचे, लग्नात दिवे धरून उभं राहायचं. तिथल्या मालकाने लग्नाच्या कामातून काढून टाकलेला कॅमेरा एक दिवस त्यांना देऊन टाकला. त्याला लांब नळीची लेन्स होती. पन्नाशी उलटलेला माणूस तो कॅमेरा छातीशी धरून घरी आला तेव्हा दारात उभा राहून नुसता हसत होता. बाबांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

आमची चाळ बैठी होती, डोंगराच्या बाजूला. मागचं दार उघडलं की कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक चिंचोळी पट्टी होती. तिला आम्ही परसू म्हणायचो. कोकणातल्या माणसाने पाहिलं असतं तर तो हसला असता. एक शेवगा, एक कढीपत्ता, जास्वंदीची दोन झाडं, कपड्यांची दोरी. भिंतीपलीकडे मोठा उंबर आणि त्याच्या मागे येऊरचे डोंगर. बाबांनी तिथे एक पोचे आलेलं घमेलं ठेवलं. शेवग्याच्या फांदीला तुपाचा रिकामा डबा टांगला, त्याला खिळ्याने भोक पाडून आत चिंधी कोंबली. डब्यातून घमेल्यात पाणी थेंबथेंब पडायचं. साचलेलं पाणी पाखराला दिसावं लागतं, पण पडणारं पाणी त्याला लांबून ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दाराला त्यांनी गोणपाट लावलं, त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि त्यामागे पाटावर बसू लागले.

‘मी धुणं वाळत घालू कधी?’ आई विचारायची.

‘बुलबुल जाऊ दे.’

‘बुलबुल माझ्या बिऱ्हाडात राहतो काय? त्याला सांगा, बाईला धुणं घालायचंय.’

पण ओला पिळा हातात घेऊन ती थांबायची. बुलबुल गेल्याशिवाय ती बाहेर पडल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होते. माझा दिवस पुस्तकांत जायचा आणि पाखरांकडे मी बाबांची आवड म्हणूनच पाहायची, स्वतःहून नाही. त्यांनी फोटो दाखवला की मी ‘छान’ म्हणायची. एकदा मात्र लायब्ररीतून पक्ष्यांवरचं एक जाड पुस्तक त्यांच्यासाठी घरी आणलं होतं. त्यांनी ते मांडीवर घेऊन रात्रीच्या जेवणापर्यंत पानं उलटली आणि एका चित्राशी थांबले. पांढराशुभ्र पक्षी, काळंभोर डोकं, डोक्यावर तुरा आणि अंगाच्या कितीतरी पट लांब अशा शेपटीच्या दोन फिती.

‘हे आमच्याकडचं बाणपाखरू,’ ते म्हणाले. ‘लहानपणी गावच्या वहाळाच्या पाण्यावर पाहिलेलं. एकदाच.’

त्यांच्या शेवटच्या थंडीत ते पाखरू आमच्या घमेल्यावर आलं.

मी ते पाहिलं नाही. रोज सकाळी ऊन छपरावरून उतरून घमेल्यापर्यंत पोचायच्या सुमारास ते येई आणि तेव्हा मी कामावर निघालेली असे. आईने पाहिलं. बाबा गोणपाटामागे बसून खटका वाजवत राहिले. माघातल्या एका सकाळी, मी घरातून निघाल्यावर, ते पाखरू बराच वेळ घमेल्याशी थांबलं. आईला आतून खटक्याचा आवाज ऐकू येत होता, एकामागून एक. मग बाबा आत आले, कॅमेरा कपाटावर ठेवला, चहा मागितला आणि कप हातात धरून बसून राहिले. ‘तोंड असं झालेलं,’ आई मला नंतर म्हणाली, ‘गणपती घरात आल्यावर होतं ना, तसं.’ दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी गेलो. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून गावाहून आलेल्या माझ्या काकाने क्रिया केली. काका बाबांचा धाकटा भाऊ, तोंडाने फटकळ, पण दहा दिवसांत त्याचा आवाज पार बसला होता. पिंड ठेवले. पिंपळावर कावळे होते. कितीतरी होते. बोलत होते, फांदी बदलत होते, पण खाली एकही येईना.

‘दादा, वयनीक आम्ही अंतर देवचंव नाय,’ काका हात जोडून म्हणाला.

कावळे जागचे हलले नाहीत.

‘चेडवाचा लगीन करून देतंव. माझी जबाबदारी.’

मागे बायकांत उभ्या असलेल्या माझ्याकडे सगळे वळून बघू लागले. मी मान खाली घातली. कावळा आला नाही.

‘गावच्या घरातलो वाटो तुझोच, दादा.’ मग जरा थांबून, ‘माडाचो पण.’

कोणीतरी हसू दाबलं. ऊन चढत होतं. गुरुजी समजुतीने म्हणाले की होतं असं कधी कधी, आपण दर्भाचा कावळा करून शिववू. ते दर्भाच्या काड्या जुळवायला लागले आणि मी आईकडे पाहिलं. ती रडत नव्हती. पिंपळाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अपमान झाल्यासारखं काहीतरी होतं. इतकी वर्षं संसार केला आणि यांचं काय राहिलं ते मला माहीत नाही, असं.

मला या सगळ्याबद्दल तेव्हा काय वाटत होतं ते नीट सांगता येणार नाही. मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते आणि कावळ्याला भूक लागली की तो येतो, हेही मला कळत होतं. पण गुरुजींच्या हातातला तो गवताचा कावळा मला बघवेना. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, ‘बाबा, तुमचा रोल मी धुऊन आणते. बाणपाखराचा फोटो घरात लावते.’

फांदी हलली. एक कावळा सरळ खाली आला, पिंडाच्या बाजूला उतरला, दोन पावलं चालला आणि त्याने भात उचलला. इतक्या जवळून मी कावळा कधी पाहिला नव्हता. त्याच्या मानेवरचा राखी रंग पाठीच्या काळ्यात कसा मिसळतो, तो काळाही उन्हात निळा, जांभळा कसा होतो, ते मी पाहत राहिले. मग काकाचा बसलेला आवाज आला, ‘अगो, फोटो होयो होतो तेका! आणि मी माड देतंय!’

आई तेव्हा रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

सुतक फिटल्यावर मी कॅमेरा घेऊन स्टुडिओत गेले. घरी उघडायची माझी हिंमत नव्हती. उजेड लागला की रोल जातो एवढं मला माहीत होतं. बाबांनी गुंडाळून ठेवलेल्या फडक्यातच तो नेला. स्टुडिओचा मालक म्हातारा गुजराती माणूस होता. त्याने कॅमेरा हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि डावीकडची छोटी चक्री बोटाने फिरवली. ती गरगर फिरली, कुठे अडलीच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली आणि मागचं झाकण उघडलं.

‘बेन, ह्याच्यात रोल नाय.’

मी म्हणाले, असेल, त्यांनी त्या दिवशी फोटो काढले होते.

‘तुझे बाबा असेच. महिना महिना खाली कॅमेरा चालवणार. मी बोलायचो, अरे भाई, लग्नात असा करशील तर नवरदेव मारेल.’ तो हसला आणि मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. झाकण हळूच लावून त्याने कॅमेरा फडक्यात गुंडाळला. ‘मागितला असता तर रोल दिला असता मी. पण त्याने मागितला नाय. म्हणजे त्याचा टाइम झाला नव्हता.’

घरी येईपर्यंत मी काय सांगायचं ते ठरवत होते. पण आई दारातच उभी होती आणि तिला पाहिल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. आत रोल नव्हता, असं मी सरळ सांगितलं.

ती आत गेली. चुलीवरचं दूध उतरवलं.

‘आवाज देत होते त्याला,’ ती पाठमोरीच म्हणाली.

‘हो.’

‘आणि कावळ्याला शब्द कोणी दिला?’

‘मी.’

‘मग आता काय करणार आहेस?’

‘आई, रोलच नाहीये.’

‘नाही तर घाल. मी कुठे म्हणतेय की तोच रोल पाहिजे?’ ती वळली. ‘हे बघ, तुझं मला माहीत नाही, तुला हे खरं वाटतं की नाही. पण त्यांना आपण त्या शब्दावर पाठवलंय. वर्षश्राद्धाच्या आत फोटो भिंतीवर पाहिजे. नाहीतर मी पान कुठल्या तोंडाने वाढू?’

असा तो कॅमेरा माझ्याकडे आला. माघ सरत आला होता आणि पाखरू निघून गेलं होतं. आता ते पुढच्या थंडीत येणार, आलं तर. तोवर मला शिकायचं होतं. स्टुडिओच्या मालकाने चाप, खटका, उजेडाचं गणित समजावलं. बाकीचं बाबांच्या पाटावर बसून शिकायचं होतं.

मी नियम पाळला. रिकामा कॅमेरा घेऊन बसले. आणि त्या वर्षी, सत्ताविसाव्या वर्षी, माझ्या स्वतःच्या मागच्या दाराबाहेर काय चालतं ते मी पहिल्यांदा पाहिलं.

चैत्रात पहाटे दयाळ गायचा. काळापांढरा, मुठीएवढा, चाळीतल्या एकुलत्या टीव्हीच्या अँटेनावर बसून. तो आवाज मी जन्मभर झोपेत ऐकत आले होते आणि तो कोणाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याचा गळा गाताना थरथरतो, शेपटी प्रत्येक सुराला वर उचलली जाते आणि मधेच थांबून तो मान वाकडी करून ऐकतो. दूर दुसऱ्या चाळीवरून दुसरा दयाळ उत्तर देतो. आमच्या डोक्यावरून रोज पहाटे एवढा संवाद चालत होता आणि आम्ही खाली दुधाच्या बाटल्या विसळत होतो.

वैशाखात सगळी पाखरं चोच उघडी ठेवून घमेल्याच्या काठावर बसायची. उंबर पिकला तेव्हा तांबटांची टुकटुक दिवसभर चालायची, तांब्याची भांडी ठोकल्यासारखी, आणि मी कितीतरी दिवस शोधूनही मला एक तांबट दिसेना. मग एकदा पानासारखं हिरवं काहीतरी हललं, आणि त्याच्या कपाळावर लाल टिळा होता. मी कॅमेरा खाली ठेवून नुसती बघत राहिले. आई मागून म्हणाली, ‘खटका कोण वाजवणार, मी?’

भारद्वाज दिसला की ती मला कामावर जाऊ देत नसे, निदान चहा तरी पुन्हा पिऊन जा म्हणायची. शकुन चांगला असतो म्हणून. आणि कावळ्यांशी तिने तडजोड केली होती. बाबा परसात कावळा बसू देत नसत, लहान पाखरं बुजतात म्हणून. आता ती जेवायच्या आधी पुढच्या दाराशी कावळ्याला घास ठेवायची. ‘कावळ्याचं पुढे, बाकीच्यांचं मागे,’ ती म्हणायची. ‘ज्याचं त्याचं दार.’

पावसाळ्यात कॅमेरा जपावा लागला. लेन्सला बुरशी धरते म्हणून तो कपाटात ठेवून खाली तांदळाची पुरचुंडी ठेवायची आणि अधूनमधून तवा तापवून ते तांदूळ परतायचे. या दिवसांत मी फोटोचा विचार सोडून दिला होता, पण गोणपाटामागे बसण्याची सवय लागली होती. आई श्रावणात वाती वळायची. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून, कापसाचा पेळू मांडीशी घेऊन. एकदा ती आत गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘कापूस कोणी घेतला गं?’

मी घेतला नव्हता. आम्ही दोघी गोणपाटामागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने एक चिमुकला हिरवट पक्षी, शेपटी ताठ उभी केलेला, उड्या मारत उंबऱ्यापर्यंत आला, चोचीत मावेल तेवढा कापूस ओढला आणि जास्वंदीत शिरला. शिंपी. पाऊस थांबल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. जास्वंदीची दोन रुंद पानं एकमेकांना टाचलेली होती. पानांच्या कडेला बारीक भोकं, भोकांतून ओवलेला धागा आणि बाहेरच्या बाजूला तो सुटू नये म्हणून कापसाची गुंडी. पानांच्या द्रोणात आईचा कापूस अंथरलेला होता.

आईने पान न हलवता वाकून टाके पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. गिरणीतल्या माणसाची बायको ती, कापडाची वीण तिला कळायची.

‘सूत ओढलंय बघ किती बेताने,’ ती म्हणाली. ‘जास्त ओढलं असतं तर पान फाटलं असतं.’ आणि मग, बाबांना हाक मारायची तशी घराकडे तोंड करून, ‘अहो, तुमच्या खात्यातला माणूस आलाय!’

तिचं तिलाच लक्षात आलं. मला वाटलं ती रडेल. पण तिने पदर डोक्यावरून घेतला, कारण पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, आणि त्या घरट्याकडे बघत राहिली. त्या श्रावणात तिने उंबऱ्यावर वातींचा कापूस रोज थोडा जास्त ठेवला.

दिवाळीनंतर थंडीची पाखरं आली. चाळीच्या रस्त्यावर धोबी पक्षी शेपूट खालीवर करत धावू लागला, तारेवर वेडे राघू ओळीने बसू लागले. मी रोल आणला. स्टुडिओच्या मालकाने तो स्वतः कॅमेऱ्यात घालून दिला, चक्री मला फिरवायला लावली आणि विचारलं, ‘आता गरगर फिरते?’ फिरत नव्हती. ‘मग जा.’

मार्गशीर्ष गेला. पौष लागला. बाणपाखरू आलं नाही. एक तांबूस रंगाचा पक्षी आला, तसाच तुरा, तसंच काळं डोकं, पण शेपटी आखूड. पुस्तकात होतं की ही मादी असते, किंवा कोवळा नर. नर काही वर्षं तांबूसच राहतो आणि मग केव्हातरी पांढरा होतो. मी आईला विचारलं, याचा फोटो चालेल का. ती म्हणाली, ‘तू शब्द कुठल्या पाखराचा दिलास?’

काकाचं पत्र आलं. वर्षश्राद्धाला तो येणार होता. दहाव्याची गोष्ट त्याने गावभर सांगितली होती आणि लोक विचारत होते, फोटो कसा आलाय म्हणून. मी उत्तरात खरं ते लिहिलं. मग त्याने चाळीतल्या एका घरी फोन करून मला बोलावून घेतलं. ओरडूनच बोलत होता, गावाचा फोन तसाच लागायचा.

‘अगो, बगळ्याचो लाव! पांढरा पाखरू ता पांढरा पाखरू. दादाक वयरसून काय दिसतला?’

‘काका, त्यांना दिसलं नाही तरी आईला दिसेल.’

‘ता पण खरा,’ काका म्हणाला.

माघ लागला. मी कामावर उशिरा जायची परवानगी घेतली होती आणि रोज ऊन घमेल्यावरून पुढे सरकून जाईपर्यंत बसत होते. आई मागे तांदूळ निवडत असे. ती काही विचारत नसे, पण सुपातला तांदूळ दोनदोनदा निवडला जायचा. त्या दिवसांत मला फोटो मिळणार नाही याची जेवढी भीती वाटत होती तेवढी दुसऱ्या कशाची वाटली नव्हती. भिंतीवरची जागा आईने पुसून ठेवली होती. बाबांच्या फोटोशेजारची. तो फोटोसुद्धा गिरणीच्या पासवरून मोठा करून घेतलेला होता, कारण त्यांचा दुसरा फोटोच नव्हता.

आणि एका सकाळी, डब्यातून पाणी ठिबकत असताना, उंबराच्या सावलीतून एक पांढरी रेघ आली.

तेव्हा मला ते पाखरू वाटलंच नाही. हवेत कोणीतरी दोरा ओढून नेतोय असं वाटलं. मग ती रेघ शेवग्याच्या फांदीवर थांबली आणि तिला डोकं होतं, काळं, निळ्या झाकेचं, आणि त्या डोक्यात एक डोळा होता. शेपटीच्या दोन फिती फांदीखाली लोंबत होत्या आणि वारा नसतानाही हलत होत्या, जणू त्या पाखराच्या छातीचे ठोके तिथपर्यंत पोचत होते. मागे आईच्या सुपाचा आवाज थांबला.

ते फांदीवरून सुटलं, घमेल्यातल्या पाण्यावर आदळलं आणि त्याच झेपेत वर गेलं. पाखरू वर पोचलं तरी शेपटी अजून पाण्यातून निघतच होती. मागावरचा धोटा पलीकडे गेल्यावर मागून सूत येतं, तशी. पाण्याचे थेंब उन्हात उडाले. पुन्हा फांदी, पुन्हा झेप. कॅमेरा डोळ्याला होता आणि बोट खटक्यावर होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

‘दे,’ आई मागून पुटपुटली. ‘आवाज दे.’

मी खटका दाबला. तो पेटीचं झाकण पडल्यासारखा वाजला, एवढ्या शांततेत तर फारच मोठ्याने. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ते पाखरू फांदीवरच होतं. त्याने मान वर केली. गोणपाटाकडे, भोकाकडे, सरळ माझ्याकडे पाहिलं. आणि पुन्हा पाण्यावर झेपावलं.

त्याला तो आवाज ठाऊक होता.

मी आजही हे लिहिताना थांबते. ते तेच पाखरू होतं की दुसरं, हे सांगायला माझ्याकडे कुठलाच पुरावा नाही. पण त्या आवाजाने चिमण्या उडायच्या, बुलबुल उडायचे, आणि हे रानातलं, दुरून आलेलं, कुठकुठून हजारो झाडं ओलांडून आमच्या पोचे आलेल्या घमेल्यावर उतरलेलं पाखरू उडालं नाही. मागच्या माघात एका माणसाने त्याला हा आवाज दिला होता. घाई न करता, काहीही न मिळवता, शेवटच्या सकाळपर्यंत. तो माणूस गेला होता आणि आवाज त्या पाखरात राहिला होता, वर्षभर, कुठल्या कुठल्या रानांतून. मी चाप ओढत राहिले आणि खटका दाबत राहिले, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की मी फोटो काढत नाहीये, मी बाबांचं बोलणं पुढे चालवतेय आणि पलीकडून कोणीतरी ऐकतंय. चाप पुढे सरकेना तेव्हा कळलं, रोल संपला.

पाखरू गेल्यावरही आम्ही दोघी उठलो नाही. आईच्या सुपातला तांदूळ परसात सांडला होता आणि चिमण्या तो टिपत होत्या.

फोटो धुऊन आले तेव्हा बहुतेकांत नुसतं पाणी होतं. काहींत फांदी. एकात मात्र ते होतं. पाण्यातून वर निघालेलं, शेपटीची अख्खी लांब कमान, तिच्या टोकाशी अजून घमेल्याला चिकटलेलं पाणी, आणि पाखराचं तोंड पलीकडे वळलेलं. स्टुडिओच्या मालकाने तो फोटो उजेडाकडे धरला, स्वतःच्या हाताने मोठा करून दिला आणि चौकटही बसवून दिली.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी काका आला. पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीपाशी गेला.

‘ह्या बाणपाखरू?’ तो चष्मा वर करून म्हणाला. ‘तोंड खंय हेचा?’

‘पलीकडे आहे,’ मी म्हणाले.

‘मगे तोंडाचो काढूक नाय?’

‘भावोजी,’ आई आतून म्हणाली, ‘तुमच्या भावाने तरी कधी फोटोत तोंड दाखवलं?’

काका खूप हसला. मग हसता हसता चष्मा काढून पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी पान वाढून पुढच्या दाराशी ठेवलं. कोणी हात जोडले नाहीत, काही बोललं नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन मागे सरकते न सरकते तोच कौलांवरून कावळा उतरला आणि त्याने वडा उचलला. आईने वळून भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढची पानं मांडायला आत गेली.

काका गावाला गेल्यावर दुसऱ्या सकाळी मी कामावर निघायची तयारी करत होते. आता पूर्वीसारखं वेळेवर जायला हरकत नव्हती. आई मागच्या दाराशी उभी होती, हातात धुण्याचा पिळा.

‘आज बसली नाहीस?’

‘आई, झाला ना फोटो. आणि कॅमेऱ्यात रोल नाही.’

‘रोल कोण मागतंय?’ तिने पिळा बादलीत परत ठेवला आणि पाट गोणपाटामागे सरकवला. ‘अजून ते गेलं नाहीये, काल संध्याकाळी होतं उंबरावर. दोन खटके वाजव आणि मग जा. पुढच्या वर्षी त्याला आवाज आठवायला नको?’

मी कपाटावरून कॅमेरा उतरवला. चक्री गरगर फिरली. मी पाटावर बसले, चाप ओढला आणि ऊन घमेल्यापर्यंत यायची वाट पाहू लागले.